हातभर मागे

लिफ्टचं दार उघडलं. "या पप्पा," बाहेरून सून दीपिका म्हणाली, आणि सीतारामने दांडीवर ठेवलेला हात तसाच ठेवला. बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची हलली नाही. त्याचं तोंड लिफ्टच्या आतल्या पत्र्याकडे होतं, पाठ दाराकडे. खालच्या वॉचमनने चौदाचं बटण दाबून दिलं होतं आणि चौदावा मजला आला होता. दार बंद व्हायला निघालं. सुनेने हात घालून ते उघडलं. परत निघालं तेव्हा तिने पाय घातला. तिसऱ्या वेळी लिफ्ट ओरडायलाच लागली.

"काका, दांडी एवढीशी मागे घ्या," प्रिती म्हणाली. ती खुर्ची देणाऱ्या ट्रस्टकडून आली होती आणि फाइल छातीशी धरून दीपिकाच्या शेजारी उभी होती. "बोटभर. खुर्ची आपली आपण येते."

"मागे कोण आहे?"

"कुणी नाही."

"नीट बघ."

"काका, बघूनच सांगतेय ना."

सीतारामने खुर्चीच्या हाताला लावलेल्या छोट्या आरशात पाहिलं. आरशात समोरचं दार होतं, सताड उघडं, आणि उंबऱ्यात पाट टाकून बसलेली मालन. तिच्या पुढ्यात परात होती, परातीत मेथीची जुडी. ती निवडत नव्हती, लिफ्टकडे बघत होती.

"मागे बाई बसलीय."

"आजी त्यांच्या दारात बसल्यात काका. दहा फुटांवर. तुम्हाला फक्त चार फूट यायचंय."

सीतारामने दांडी केसभर मागे घेतली. खुर्ची टुं, टुं वाजली आणि त्याने हात झटकन उचलून मांडीवर ठेवला. पाच मिनिटं असंच चाललं. शेवटी प्रितीने वाकून चाकांजवळचे खटके सोडले आणि दोघींनी मिळून त्याला बंद पडलेल्या टॅक्सीसारखं बाहेर ओढलं. चौतीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. त्याचे कान लाल झाले. कुणाकडे न बघता तो सरळ आपल्या दारात शिरला, आणि तेवढं मात्र त्याने असं झोकात केलं की चौकटीला दोन्हीकडे चार-चार बोटं राहिली.

पुढे जाण्यात त्याची तक्रारच नव्हती. गेल्या दिवाळीत साखरेने उजवा पाय गुडघ्याखाली नेला. डाव्यात जीव नसल्यासारखाच होता आणि मान तर ट्रकच्या खिडकीतून मागे बघून बघून कधीचीच धरली होती. पण हात शाबूत होते. पहिल्याच दिवशी कंपाउंडमध्ये लावलेल्या स्कूटरींच्या रांगेतून त्याने खुर्ची अशी काढली की प्रिती म्हणाली, "काका, तुम्ही तर हिरो निघालात." उताराला तिरकं जायचं नाही, सरळ जायचं, बसण्याउठण्याआधी बटण बंद करायचं, पट्टा लावल्याशिवाय दांडीला हात लावायचा नाही. हे सगळं त्याला सांगावंच लागलं नाही. गाडी म्हटली की ते आलंच.

अडलं होतं ते मागे येण्यापाशी. नायगावच्या जुन्या चाळी पडून त्यांच्या जागी टॉवर उभा राहिला होता आणि लोक अजून राहायला येत होते. त्यांच्या कपाटा-पलंगांसाठी मोठी लिफ्ट अडकून पडलेली. छोट्या लिफ्टमध्ये खुर्ची मावायची, वळायची नाही. तोंडाने शिरायचं आणि पाठीने बाहेर यायचं, दुसरा इलाज नव्हता. महिनाभर खाली वॉचमन आणि वर घरचं कुणीतरी त्याला ओढून बाहेर काढत होतं. त्या चार फुटांवर सगळं येऊन ठेपलं होतं, कारण खुर्ची सीतारामची नव्हती. दादरच्या एका ट्रस्टने ती महिनाभर वापरून बघायला दिली होती. शुक्रवारी प्रिती परीक्षा घेणार आणि जमलं नाही तर खुर्ची यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार. यादीत अकरा जण होते. आणि खुर्ची गेली की सीताराम पलंगावर, पलंग चौदाव्या मजल्यावर, आणि खिडकीतून दिसणार ते समोरच्या टॉवरचं बांधकाम. दहा महिने त्याने ते करून बघितलं होतं. जिवंत माणसाने पुन्हा करावं असं ते नव्हतं.

प्रितीने चहा घेता घेता परत सगळं सांगितलं.

"ही सव्वाशे किलोची गाडी आहे काका. वर तुम्ही सत्तर. कुणाच्या पायावर गेली तर हाड मोडेल. म्हणून मागे घेताना वेग कासवावर." तिने खुर्चीच्या हातावरच्या चकतीतलं कासवाचं चित्र दाखवलं. "तुमची मान वळत नाही म्हणून आरसा. आरशात खालचं दिसत नाही म्हणून मागे माणूस. माणसाने थांब म्हटलं की दांडी सोडायची. ब्रेक नाही, क्लच नाही. सोडली की थांबते. फक्त सोडायचं."

"फक्त सोडायचं," सीताराम म्हणाला.

"हो. आणि हा फॉर्म. यावर एका शेजाऱ्याची सही लागते. घरचं माणूस चालत नाही. ज्याचा जायचा-यायचा रस्ता हाच आहे आणि ज्याने तुम्हाला मागे येताना स्वतः बघितलंय, असं कुणीतरी."

"कासारे काकू आहेत की समोर," दीपिका म्हणाली.

"त्या नको."

"का?"

सीतारामने कप खाली ठेवला. "दुसरं कुणी बघ."

"कोण बघू पप्पा? मजल्यावर दोनच तर घरं उघडलीत."

ते खरं होतं. चौदाव्या मजल्यावर आठ दारं. त्यातल्या सहांच्या मुठींवरचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. दुपारी त्या पॅसेजमध्ये चमचा पडला तर टोकापर्यंत ऐकू जायचा. जुन्या चाळीत मालन नऊ नंबरला आणि सीताराम चार नंबरला, मध्ये मैदान. एकतीस वर्षं त्या मैदानाने दोघांमधलं अंतर राखलं. जयंतीच्या मिरवणुकीत तो पुढे असायचा, ती बायकांमध्ये मागे. विहारात समोरासमोर आलेच तर "जयभीम वहिनी", "जयभीम भावजी", संपलं. मग घरांची लॉटरी निघाली. शेकडो चिठ्ठ्या होत्या त्या डब्यात. सीतारामची चिठ्ठी निघाली चौदाशे दोन, आणि मालनची निघाली लिफ्टच्या बरोबर समोरची, चौदाशे एक. लोक म्हणाले, बरं झालं, ओळखीचा शेजार मिळाला. सीताराम हसून हो म्हणाला आणि त्या दिवशी जेवला नाही.

मालनचा नवरा जयवंत हा सीतारामचा क्लीनर होता. चार वर्षं दोघं एका ट्रकवर होते. सीतारामनेच त्याला तिथे चिकटवलं होतं. रे रोडच्या लाकडांच्या वखारीत ट्रक मागे घ्यायचा म्हणजे दोन बाजूंना ओंडक्यांच्या थप्प्या आणि मधून गाडीला जेमतेम वाट. क्लीनर मागे उभा राहून ट्रकच्या मागच्या फाळक्यावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे येऊ दे. एक थाप म्हणजे थांब. इंजिनाच्या आवाजात हाक कुणाला ऐकू जाते? थाप मात्र पत्र्यातून थेट ड्रायव्हरच्या पाठीत येते.

जयवंत जपून वागणारा माणूस होता. इतका, की वखारीतले लोक त्याची थट्टा करायचे. अजून चांगली हातभर जागा शिल्लक असताना हा थाप मारणार. सुरुवातीला सीताराम नुसता वैतागायचा. मग त्याने आपलं आपण गणित बसवलं: जयवंतची एक थाप म्हणजे अजून हातभर. थाप पडली की तो हातभर येऊन थांबायचा आणि गाडी बरोबर जागेवर लागायची. रोज बरोबर यायचं ते गणित.

त्या दिवशी जयवंतचा पाय दोन ओंडक्यांच्या मध्ये अडकला होता. त्या दिवशी जागा शिल्लक नव्हती. थाप पडली, सीताराम हातभर आला, आणि मग दुसरी थाप पडली. ती तळहाताची नव्हती. तिसरी पडलीच नाही.

पोलिसांनी विचारलं, तेव्हा सीताराम म्हणाला, "दोन थापा मारल्या साहेब त्याने. दोन म्हणजे येऊ दे." दोन थापा पडल्या होत्याच. शब्दाने ते खोटं नव्हतं, म्हणूनच एकतीस वर्षं टिकलं. कागदावर लिहिलं गेलं की क्लीनरने चुकीचा इशारा दिला आणि चिरडून मेला, चूक त्याची स्वतःची. चाळीत लोक हळहळले आणि हळहळता हळहळता म्हणाले, बिचाऱ्याला दोनापर्यंत मोजता आलं नाही.

तेव्हापासून कुठलाही आवाज दोनदा झाला की सीताराम त्यांच्यामधलं अंतर मोजायचा. नळावर हंडा आपटला, आणि मग दुसरा आपटला. कुणी दार लावलं, आणि मग कडी. बायको होती तोवर ती विचारायची, काय ऐकता ओ एवढं? काही नाही, म्हणायचा तो. ट्रक त्याने सोडला नाही. पोट होतं, मुलगा शिकत होता. पण मागे घ्यायची वेळ आली की दहा वेळा उतरून बघायचा. नव्या क्लीनरना वाटायचं, सीताराम गमरे म्हणजे देवमाणूस, किती काळजी घेतो.

बुधवारी दीपिका कामावर गेली. मुलगा पहाटेच गेला होता. सीताराम खुर्ची घेऊन पॅसेजमध्ये आला आणि शेवटच्या बंद दारापर्यंत जाऊन, वळून परत आला. मालन उंबऱ्यातून उठली. पाट तिने भिंतीला लावला.

"भावजी, दीपिका सांगून गेलीय. मी उभी राहते मागे."

"नको वहिनी. तुमचा पाय सापडेल."

"नाही सापडत. शिरा लिफ्टमध्ये."

तो शिरला. मालनने दाराच्या कडेला, खुर्चीच्या वाटेत येणार नाही असं स्टूल अडकवलं, म्हणजे लिफ्ट कुठे जायला नको. मग ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली. आरशात तिचं फक्त पोट आणि पदराचा काठ दिसत होता.

"कसं सांगू तुम्हाला? हाक मारू?"

"मारा."

"हाकेचं काही खरं नाही. मशीन वाजतंय तुमचं." तिने खुर्चीची पाठ चाचपली. "तुमच्या धंद्यात थाप मारायचे ना?"

"हो."

"किती मारायच्या?"

आतल्या पत्र्यात त्याचंच अंधुक तोंड होतं. त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "दोन म्हणजे येऊ दे. एक म्हणजे थांब."

"एक म्हणजे थांब," मालनने परत म्हणून बघितलं. "लगेच?"

"लगेच."

तिने खुर्चीच्या पाठीवर दोन थापा मारल्या. धप्, धप्. लागोपाठ, सरळ. सीतारामने डोळे मिटले आणि दांडी मागे घेतली. खुर्ची वाजायला लागली आणि हलली. महिनाभरात पहिल्यांदा, कुणी न ओढता, ती लिफ्टच्या उंबरठ्यावरून मागे आली. चाकं फरशीवर उतरली. आणि मग पाठीत एक थाप पडली.

ती त्याला स्वच्छ ऐकू आली. हे त्याने नंतर स्वतःला शंभरदा सांगितलं, की ऐकू आली होती. पण हात सुटला नाही. बोटं दांडीवर होती आणि दांडी मागेच होती. हाताला कुणी काही सांगितलं नव्हतं. हाताचं जुनं गणित होतं. खुर्ची अजून हातभर गेली आणि मग कुठे हात सुटला.

मागून आवाज आला नाही.

"वहिनी?"

"आहे."

"लागलं?"

"चपलेवर आलंय चाक. पुढे घ्या जरा."

त्याने खुर्ची पुढे घेतली. आरशात मालन वाकली, चप्पल ओढून काढली आणि परत पायात घातली. अंगठा हलवून बघितला. तिचं तोंड त्याला दिसलं नाही.

"परत करू," ती म्हणाली.

"नको."

"भावजी, परत करू. जमेल."

सीतारामने खुर्ची वळवली, घरात नेली, बटण बंद केलं आणि उजवा हात डाव्या हाताने धरून बसला. दीपिका संध्याकाळी आली तेव्हा दिवासुद्धा लागलेला नव्हता.

"ट्रस्टला फोन कर," तो म्हणाला. "खुर्ची घेऊन जा म्हणावं."

दीपिकाने पर्स खांद्यावरून काढलीही नव्हती. "काय झालं?"

"काही नाही. मला नाही जमत."

"पप्पा, मला खरं सांगू? रोज सकाळी मी दार ओढून घेते ना, तेव्हा मला वाटतं, मी तुम्हाला आत कोंडून चाललेय." तिचा आवाज चिरकला. रागाने की रडू आल्यामुळे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "एक महिना झाला, मला तसं वाटत नाही. त्या दिवशी मी बसमधून उतरले तर तुम्ही गेटवर होतात. पानवाल्याशी भांडत होतात. किती बरं वाटलं मला! आणि आता चार फुटांसाठी तुम्ही म्हणता की..."

"चार फूट नाहीत ते."

"मग काय आहे?"

दीपिकाने फोन केला नाही. गुरुवारभर खुर्ची भिंतीजवळ चार्जिंगला लावलेली होती आणि सीताराम पलंगावरून तिच्याकडे बघत पडला होता. समोरच्या घरातून मधूनमधून आवाज येत होते. कुकरचं झाकण. नळ. प्रत्येक वेळी तो दुसऱ्या आवाजाची वाट बघायचा.

शुक्रवारी अकराला प्रिती आली. दीपिकाने अर्धी सुट्टी घेतली होती. सीतारामला खाली नेलं, कंपाउंडमध्ये फिरवलं, उतार झाला, गेट झालं. प्रिती फाइलमध्ये खुणा करत गेली. मग दोघी वर गेल्या आणि वॉचमनने त्याला लिफ्टमध्ये सोडून चौदाचं बटण दाबलं.

दार उघडलं तेव्हा मागे मालन उभी होती. कोण कुठे उभं आहे हे बघायला त्याला आरशाची गरज पडली नाही. तिच्या चपलांचा आवाज आला, आणि मग तिच्या श्वासाचा.

"काका, आजी इशारा देतील," प्रिती म्हणाली. "रेडी?"

धप्, धप्.

दांडी मागे आली. खुर्ची टुं, टुं करत निघाली आणि जेमतेम वीतभर सरकली असेल नसेल, तोच पाठीत एक थाप पडली.

सीतारामने हात सोडला. नुसता सोडला नाही, वर उचलला, खांद्याच्या वर, पोलिसाने हात वर करायला सांगावं तसा. खुर्ची थांबली. तिची मागची चाकंसुद्धा अजून लिफ्टमध्येच होती.

"या की काका," प्रिती म्हणाली. "मागे पुष्कळ जागा आहे. तीन फूट आहे अजून."

"एक मारलीय," सीताराम म्हणाला.

"अहो, पण जागा..."

"एक मारलीय तिने."

लिफ्टचं दार बंद व्हायला आलं आणि खुर्चीला लागून परत उघडलं. मालनने किती वेळ घेतला कोण जाणे. प्रितीने घड्याळात बघितलं, दीपिकाने तिच्या दंडाला हात लावला. सीतारामने वर धरलेला हात खाली आणला नाही. लिफ्ट ओरडायला लागली. मग पाठीत परत दोन थापा पडल्या. तो हात खाली आणून मागे आला, आणखी एक थाप पडली, तो थांबला. आता तो पूर्ण बाहेर होता. मालन आणि खुर्ची यांच्यामध्ये हातभर जागा होती.

"झालं!" प्रिती म्हणाली. "काका, परफेक्ट!"

दीपिकाने डोळ्यांना पदर लावला आणि मग हसली. सीतारामने खुर्ची वळवली. महिनाभर आरशात बघितलेलं मालनचं तोंड समोरासमोर आलं. फार थकलेलं होतं ते.

प्रितीने फॉर्म काढला, फाइलवर ठेवला आणि मालनपुढे धरला. "आजी, वाचून दाखवते. 'अर्जदार खुर्ची मागे घेताना इशारा मिळताच थांबतो, हे मी स्वतः पाहिले आहे.' खाली पूर्ण नाव लिहून सही करा."

मालनने पेन घेतलं. टोपण काढलं.

"वहिनी, सही नका करू," सीताराम म्हणाला.

"पप्पा!" दीपिका म्हणाली.

"का? थांबलात की," मालन म्हणाली.

"आधी ऐका. मग करायची तर करा." तो खुर्चीचे दोन्ही हात धरून बसला होता. खुर्ची आता जाणार, हे त्याला कळत होतं. पुढचे सगळे दिवस त्याला त्या खिडकीसकट दिसत होते. "त्या वेळी मी पण असंच लिहून दिलं होतं. पोलिसांत. जयवंतने दोन थापा मारल्या म्हणून. खोटं आहे ते. त्याने एकच मारली होती. थांबायची. मी थांबलो नाही. दुसरी नंतरची."

जयवंत कोण, हे प्रितीला माहीत नव्हतं, पण हे विचारायची ही वेळ नाही एवढं तिला समजलं. दीपिका सासऱ्याकडे बघत राहिली.

"किती नंतर?" मालनने विचारलं.

एकतीस वर्षं मोजलेलं अंतर सीतारामजवळ होतं, आणि सांगायला एकच माप होतं.

"हातभर," तो म्हणाला.

मालनने मान हलवली. तिला उत्तर ठाऊक होतं, आणि ते तसंच येतं की नाही एवढंच तिला बघायचं होतं.

"जेवायला बसला की सांगायचा तो," ती म्हणाली. "सीतारामला माझी एक थाप पुरत नाही म्हणायचा. थाप मारली तरी आणखी हातभर येतोच. मला भीती वाटायची. मी म्हटलं, मग तू हातभर आधी मारत जा." ती पेनाकडे बघत होती. "तेव्हापासून आधी मारायला लागला."

सीतारामला ते समजायला वेळ लागला. वखारीतली थट्टा, जयवंतचं हसून गप्प बसणं, स्वतःचं ते रोज बरोबर येणारं गणित, सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उलटं झालं. जयवंत भित्रा नव्हता. त्याने ड्रायव्हर ओळखला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" तो म्हणाला. "एवढी वर्षं? मग बोलला का नाहीत वहिनी?"

"काय बोलू? आधी मारायला मीच शिकवलेलं. माझ्याच घरातून गेलं होतं ते." मग तिने वर बघितलं. तिच्या आवाजात आता धार होती. "पण माझा विकास शाळेतून रडत यायचा. बापाला मोजता येत नव्हतं म्हणून पोरं चिडवायची त्याला. तेव्हा बोलायचं होतंत तुम्ही. तेव्हा मी रोज दाराकडे बघायची, आता येतील सीतारामभावजी, आता सांगतील. नाही आलात."

"नाही आलो," सीताराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्याने हात उचलला नाही.

"विकास आज घरी असता तर आत्ताच बोलावलं असतं," मालन म्हणाली. "तो परवा, रविवारी येतो. त्याला तुमच्या तोंडाने सांगायचं."

"सांगतो."

"सगळं."

"सगळं सांगतो."

प्रितीने फॉर्म हळूच मागे घेतला. तिला वाटलं, आता काही याचं होत नाही. पण मालनने कागदाचा कोपरा धरून ठेवला होता.

"ए पोरी, काय लिहिलंय ते परत वाच."

प्रितीने वाचलं. "'अर्जदार खुर्ची मागे घेताना इशारा मिळताच थांबतो, हे मी...'"

"'थांबतो' नको. ते मला नाही सांगता यायचं. 'आज थांबला' असं लिही."

"आजी, छापलेला फॉर्म आहे हा."

"मग खोड. आणि वर लिही. तारीख घाल आजची."

प्रितीने दीपिकाकडे बघितलं, मग छापील शब्दावर रेघ मारली, वर 'आज थांबला' असं लिहिलं आणि तारीख घातली. मालनने कागद भिंतीवर दाबून धरला आणि पूर्ण नाव लिहिलं: मालन जयवंत कासारे. मधलं नाव लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला.